रविवारचे रंग

दहाला पाच कमी असताना बापाने दाढीचा आरसा पिंजऱ्यात पानांच्या आड टांगला आणि सरडा पेटला. हिरव्या अंगावर आधी पिवळे पट्टे आले, मग निळे, मग गळ्यापाशी लालभडक. "शाब्बास रावसाहेब!" बाप म्हणाला. दहाला लेक येणार होती.

कोर्टाने त्याला रविवार दिला होता. दिला म्हणजे काय, तर बारा वर्षांची पोरगी दहाला यायची, पलंगाच्या काठावर पाहुण्यासारखी बसायची आणि साडेअकराला म्हणायची, "आई वाट बघत असेल." बापाच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. हिला थांबवायचं तरी कसं? शेवटी त्याने हा सरडा विकत आणला. दुकानदाराने उभ्या उभ्या शिकवणी घेतली. वाटीतलं पाणी हा पीत नाही, पानांवर फवारा मारा, थेंब चाटेल. वर दिवा हवा. नाकतोडे जिवंतच द्या. आणि उगाच हातात घेऊन लाड नकोत. बापाने सगळं पाठ केलं. पण रविवारी रावसाहेब वाळक्या शेंगेसारखे फांदीवर बसून राहिले आणि लेक म्हणाली, "हा काहीच करत नाही का?" साडेअकराला गेली.

मग एका सकाळी दाढी करताना आरसा पिंजऱ्याजवळ राहिला आणि काय तो चमत्कार! बाप रंगाच्या दुकानात डबे कालवायचा. वीस वर्षं गिऱ्हाइकांकडून एकच ऐकत आला होता, जरा अजून उठावदार करा. रंग उठला की माणूस खूष, एवढं त्याला पक्कं ठाऊक. सरड्याला सोबत मिळाली, गडी खुलला, असं त्याने ठरवूनच टाकलं. त्या रविवारी लेक पिंजऱ्यापासून हलली नाही. सहा वाजले.

"आई वाट बघत असेल ना गं?"

"बघू दे."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! तेव्हापासून आरसा दर रविवारी लागायचा, फक्त रविवारी. ती जिना उतरली की निघायचा. लेक आता हक्काने कामं सांगायची. "बाबा, नाकतोडे आणता का?" "बाबा, फवाऱ्याची बाटली गळतेय, नवी आणा ना." बाप दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरायचा. पोरगी आपल्याला काम सांगते, याचंच त्याला केवढं अप्रूप.

गेल्या महिन्यात दुकानात जनावरांचा डॉक्टर आला, दवाखान्याला रंग द्यायचा होता म्हणून. बापाने मोठ्या कौतुकाने रावसाहेबांची करामत सांगितली. डॉक्टर हसला नाही.

"अहो, त्याला आरशात वैरी दिसतो. जीव मुठीत धरून रंगतो तो. असंच चालू ठेवलंत तर आधी खाणं सोडेल, मग मरेल."

खाणं सोडलंच होतं. डोळे खोल गेले होते, पाठीचं हाड वर आलं होतं. बापाला ते दिसत होतं. दिसत असूनही त्याने पुढचे तीन रविवार आरसा टांगला. सरडा मेला तर दुसरा आणू, लेक कुठून आणू? असं स्वतःला सांगायचा आणि स्वतःचीच त्याला किळस यायची.

आज लेक येऊन पिंजऱ्याशी बसली आणि सरड्याचा मागचा पाय फांदीवरून सुटला. अंगावरचे रंग तेवढेच भडक आणि पाय तसाच लोंबतोय. बापाला बघवेना. त्याने आत हात घातला आणि आरसा ओढून काढला.

"हा मी लावला होता, बाळा. ते रंग खुशीचे नाहीत. भीतीने होतं त्याला तसं. चुकलं माझं."

"माहितेय," लेक म्हणाली. "लावलात त्याच दिवशी दिसला मला. शाळेत पुस्तकात शोधलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चिडला असतात. आईला सांगितलं असतं तर तिने पाठवलंच नसतं. मग मीच तुम्हाला काहीतरी आणायला पाठवायचे आणि आरसा उलटा करून ठेवायचे. जिन्यात पाय वाजले की परत सरळ. आरसा रोजच असतो ना त्याच्यासमोर? म्हटलं, रविवारी तरी बिचाऱ्याला थोडी सुट्टी."

सोमवार ते शनिवार त्याला सुट्टीच असते, हे काही बापाच्या तोंडून निघालं नाही.

"आता परत नाही ना लावणार? कधीच?"

"तुझी शपथ."

लेक त्याच्याकडे बघून हसली. अशी मोकळी ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती. बापाचे डोळे भरून आले. सुटलो, त्याला वाटलं, हिने माफ केलं. तिने पानांवर एकदा नीट फवारा मारला, हात पुसले आणि पिशवी खांद्याला अडकवली. साडेदहाही झाले नव्हते.

"मग आता मी नाही आले तरी चालेल ना, बाबा?"