चार तासांच्या आत

गाडी निघाली तेव्हा नवी काच बसवून जेमतेम पाऊण तास झाला होता. सहदेवने हात हलवला. पुढच्या सीटवरून अस्मितानेही हलवला. गाडी मालाडच्या गल्लीतून बाहेर पडून हायवेला लागली, तरी तो दुकानाच्या दारातच उभा होता. चार तासांच्या आत त्याने आजवर एकही गाडी सोडली नव्हती.

बावीस वर्षं तो गाड्यांच्या पुढच्या काचा बदलत होता. फुटकी काच तारेने कापून काढायची, चौकट खरवडून साफ करायची, प्रायमर मारायचा, काच चिकटवणाऱ्या सीलंटची सलग रेघ ओढायची आणि नवी काच एकदाच, नेमकी टेकवायची. मग चार तास गाडी जागची हलवायची नाही. सीलंट ओलं असताना धडक बसली तर पुढची एअरबॅग फुगून काचेवर आपटते, काच सुटून बाहेर जाते आणि पुढे बसलेल्या माणसाला अडवायला काहीच उरत नाही. हे प्रवचन त्याने कुणालाही चुकवू दिलं नव्हतं. एका पोलीस इन्स्पेक्टरलासुद्धा त्याने स्टुलावर बसवून ठेवलं होतं. लोक चिडायचे, दोन चहा प्यायचे आणि थांबायचे.

पण आज आलेले नंदकिशोर गिऱ्हाईक नव्हते. ते व्याही होते, अस्मिताचे सासरे. आणि व्याह्यांपुढे सहदेवची जीभ टाळ्याला चिकटायची. लग्नात आइस्क्रीम कमी पडलं होतं, त्याची माफी तो तीन वर्षं झाली तरी मागत होता. मुलीच्या सासरच्या माणसांना नाही म्हणायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रत्नागिरीहून मुंबईत येताना ते बरोबरच आलं होतं.

अस्मिताला सातवा महिना होता. डोहाळजेवण परवा नाशिकला, सासऱ्यांच्या आईच्या घरी होतं. काल ट्रकच्या चाकाखालचा दगड उडून व्याह्यांच्या गाडीच्या काचेला तडा गेला आणि रात्रीत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचला. सकाळी सगळे मुलुंडहून थेट सहदेवकडेच आले. काच बसवून होताच नंदकिशोरांनी घड्याळ पाहिलं. साडेअकराला अमावास्या लागत होती, ती लागायच्या आत निघायला हवं होतं. निघालं तर चालेल ना, असं त्यांनी विचारलं.

सहदेव म्हणाला, "हो, हो, निघा ना. फक्त खिडकीची काच बोटभर खाली ठेवा आणि जरा सावकाश चालवा."

मागची सीट विहीणबाई आणि सामानाच्या पिशव्यांनी भरली होती. अस्मिता पोट सांभाळत पुढे बसली. पट्टा नीट लाव, एवढंच सहदेव तिला म्हणाला.

आता त्याला बसवेना. सीलंटची रिकामी नळी त्याने उचलून टाकली, परत काढली, परत टाकली. आपण माती खाल्ली, हे त्याला कळत होतं. ज्या गोष्टीसाठी परक्यांशी भांडलो, ती पोटच्या पोरीसाठी आपल्या तोंडातून निघाली नाही.

तेवढ्यात श्वेता नावाची एक बाई गाडी घेऊन आली. तिचं ऑफिस जवळच होतं. तासाभरात गाडी मिळेल का, असं तिने विचारलं. सहदेवने सवयीने सुरुवात केली. चार तास लागतील मॅडम, कारण पुढे बसलेलं माणूस... आणि तो मध्येच थांबला. श्वेता त्याच्याकडे बघत राहिली. त्याने खिशातून मोबाइल काढला.

व्याही गाडी चालवत होते. त्याने अस्मिताला लावला. फोन सासऱ्यांच्या कानाशी धर, म्हणाला. मग डोळे मिटून, एका दमात, सगळं सांगून टाकलं. काच अजून धरलेली नाही. गाडी सोडायला नको होती. मी सांगायला घाबरलो.

आता ऐकून घ्यावं लागणार, या तयारीने तो उभा होता.

नंदकिशोर म्हणाले, "अहो सहदेवराव, मग मघाशीच सांगायचं ना. ती आमचीही पोर आहे. अमावास्येचं काय, उद्या निघालो असतो."

घोडबंदरच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात त्यांनी गाडी उभी केली. आता तीन वाजेपर्यंत हलत नाही, म्हणाले, आणि फोन अस्मिताकडे देऊन विहीणबाईंबरोबर आत गेले. सहदेवला इतकं हलकं वाटलं, की तो खुर्चीत बसूनच राहिला. एवढा साधा माणूस, आणि आपण त्याला वाघ समजून बसलो. सुटकेच्या भरात त्याला अस्मितावर लटकं रागवावंसं वाटलं. शाळा सुटली की ती याच दुकानात येऊन अभ्यास करायची. त्याचं प्रवचन तिला पाढ्यांसारखं पाठ होतं.

"तू तरी बोलायचंस गं," तो म्हणाला. "तुला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं, पप्पा," अस्मिता म्हणाली. "काच बसवल्यापासून मी तुमच्याकडेच बघत होते. आता सांगतील, मग सांगतील. तुम्ही पट्टा लाव म्हणालात आणि दार लावलंत."

सहदेवने सीलंटची रिकामी नळी परत उचलली.

"मग मला वाटलं," ती म्हणाली, "दिलेल्या मुलीला तो नियम नसेल."