चौदावं पान

“बाई, आत काय बघताय? पुस्तक मिटून कड बघा,” जुनी पुस्तकं विकणारे बागवानचाचा म्हणाले. “बोटांनी जिथवर काळी झालीय, तिथवर वाचणारा टिकला.”

भूगोलाच्या तायशेटेबाईंना सोमवारपासून सातवीला संगणकावरची लिनक्स ही प्रणाली शिकवायची होती आणि त्यांना स्वतःलाच त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. समोर नवशिक्यांसाठीची दोन पुस्तकं होती. एकाची कड शेवटापर्यंत काळी होती. दुसरं उचलून चाचा हसले. “हा गडी तर तेराव्या पानावरच पळाला!”

बाईंचे कान तापले. तेराव्या पानात त्यांचंच एसटीचं तिकीट होतं. गेल्या वर्षी तिथली कमांड जशीच्या तशी टाइप केली, तर संगणकानं चूक दाखवली. आपल्याला हे जमायचं नाही म्हणत त्यांनी पुस्तक रद्दीत घातलं होतं.

“काळंच घ्या,” चाचा म्हणाले.

पण पुढच्या पानावर होतं तरी काय? बाईंनी पान उलटलं.

‘घाबरलात? मागची कमांड मुद्दाम चुकीची दिली होती. लिनक्स चूक कशी दाखवतं, ते कळलं ना? चला पुढे.’

“चाचा, हेच द्या,” बाई म्हणाल्या. “उरलेली कड मी काळी करते.”