किशनरावांचं पथ्य

मोंढ्यातल्या मोठ्या काट्यावर हळदीच्या पोत्याऐवजी स्वतः किशनराव बसले होते. वीस वर्षे वसमतच्या बाजारात दुसऱ्यांचा माल तोलणारा हा मापाडी, गेले चार महिने दर शनिवारी स्वतःला तोलून घेत असे.

"ब्याण्णवाचे चौऱ्याऐंशी," सोबतचा मापाडी गोपीचंद म्हणाला. "असंच चाललं तर वावटळीत तुमाला खांबाला बांधावं लागंल."

किशनरावांचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोला, शालूबाईंना, हसू आलं नाही. त्यांचा थोरला दीर असाच भरल्या अंगाचा होता. साखरेच्या दुखण्यानं तो पन्नाशीच्या आत गेला. त्या धास्तीनंच चार महिन्यांपूर्वी त्या किशनरावांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. "आलीच हायस तर तुझीबी तपासू," म्हणत किशनरावांनी शालूबाईंचीही लघवी तपासायला दिली. निकालाला मात्र ते एकटेच गेले. परत आल्यावर बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

"साखर निघाली," ते म्हणाले. "आजपासून माझा गूळ बंद. भात बंद."

शालूबाईंच्या माहेरचा एक नेम होता. धन्याच्या ताटात जे पडत नाही, ते घरच्या बाईनं तोंडात घालायचं नाही. त्यांचा दिवसाचा सहा वेळचा गुळाचा चहा त्याच दिवशी सुटला.

"तुमी काहून उपाशी मरून राहिल्या?" शेजारची चांगुणा रागावली. "आधीच काडी झालीय तुमची!"

"धन्यानं सोडलं आन मी खाऊ व्हय?"

किशनरावांनाही ते दिसत होतं. एकदा त्यांनी गोळ्यांची बाटली आणली. "माझ्यापायी तुझे हाल व्हायलेत. ताकदीच्या हायेत, रोज घ्यायच्या." गोळी गिळेपर्यंत ते समोरून हलत नसत. संध्याकाळी कालव्यापर्यंत फिरायलाही त्यांना सोबत लागे. एकट्यानं पाय उचलत नाहीत म्हणायचे.

मात्र त्यांचा सदरा दिवसेंदिवस ढिला होत चालला, तसा शालूबाईंचा धीर सुटला. सोमवारी ते मोंढ्यात गेल्यावर त्या एकट्याच दवाखान्यात जाऊन बसल्या.

"डॉक्टरसाहेब, खरं सांगा. धन्याचं किती दिवसाचं हाय? मी मन घट्ट करून आलेय."

डॉक्टरांनी जुना कागद काढून पाहिला. "किशनरावांना काय झालंय? वजन जास्त होतं, ते उतरलं हे चांगलंच झालं. पण साखर नाही, रक्तदाबही बरोबर आहे."

"न्हाई कशी? मंग हे पथ्य कुणाचं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जाडी दिसते, म्हणून माणूस तिलाच भितो, बाई. वाळलेल्या अंगात काय चाललंय ते दिसत नाही. साखर तुमच्या लघवीत निघाली, तीही भरपूर. मी त्यांना म्हणालो, बायकोला समजावून सांगा. तर ते म्हणाले, 'सोतासाठी ती एक दिवस पथ्य धरायची न्हाई, साहेब. मीच बिमार पडतो.'"