कुणाला न सांगितलेलं नाव

लाओसहून कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी बँकॉकला आलेल्या बुनथावीचा कुणावरही भरवसा नव्हता. आपल्या तांबूस कुत्र्याला तो कुणाला हात लावू देईना, कुणाच्या हातचा घास खाऊ देईना. नाव तर तो कुणाला सांगतच नव्हता. ऐन रिंगणात एखाद्या वैऱ्याने हाक मारली, की सगळ्या मेहनतीवर पाणी!

आणि झालंही तस्संच. परीक्षकांसमोर उभा असलेला कुत्रा एकाएकी हिसडा मारून पळाला, तो थेट चिकट भात विकणाऱ्या म्हातारीच्या मांडीत शिरला.

“कोण फितूर झालं? याचं नाव तुला कुणी सांगितलं गं म्हातारे?” बुनथावी कडाडला.

म्हातारी कुत्र्याचे कान कुरवाळत राहिली. “मी तर ‘माखाम’ अशी हाक मारली. माझ्या घरी पिल्लू होता तेव्हापासून, दारातून नाहीसा होईपर्यंत, हेच नाव. तू कुठलं ठेवलंस रे बाबा?”