पंचवटीचा गोलकीपर

सात-शून्य. सायकलवरून उतरता उतरताच बहिरूनं सांगितलं. देवळाली कॅम्पापासून पंचवटीपर्यंत तो हा एकच आकडा घेऊन आला होता.

इसाक मणियार आपल्या बांगड्यांच्या दुकानात फळीवर बसून होता. बायको नूरबानो वारून दीड महिना झाला होता. सकाळी दुकान उघडायचं, बसायचं, दिवेलागणीला बंद करायचं, एवढंच चाललं होतं. गोऱ्या सोल्जरांशी दरसालची फुटबॉलची मॅच, पण यंदा तो तिकडं फिरकला नव्हता.

"सात?" त्यानं विचारलं.

"सात. आठवा बी झाला असता, शिट्टी वाजली म्हणून वाचलो." बहिरू फळीच्या कडेला टेकला. त्याचा भाजीचा मळा होता. "गोलात माझा मेव्हणा उभा केलेला. त्यानं जन्मात कोबीच्या गड्ड्याबिगर काय झेललं नाय."

ऊन उतरायच्या आत लियाकत शिंपी आला, पाठोपाठ खंडेराव आले. खंडेराव कोर्टातून पेन्शनीत निघालेले, संघाची यादी तेच लिहायचे. नेहमीचा गोलकीपर नोकरीसाठी मुंबईला गेला, तेव्हापासून ती जागा रिकामी होती. पुढच्या रविवारी परतीची मॅच होती आणि शुक्रवारी नावं कळवायची होती.

"कॅम्पातला साहेब काय म्हणाला ठाऊक आहे?" खंडेराव म्हणाले. "अकरा माणसं धड आणता येत नसतील तर पुढच्या वर्षी तसदी घेऊ नका."

बारा वर्षं ते कॅम्पात खेळायला जात होते.

"कॉलेजातलाच कोणी घ्यावा लागणार," लियाकत म्हणाला. "पिंगळ्यांचा घ्या. अंगानं भरलाय."

"भरलाय म्हणून काय? गोलाला दार लावायचंय व्हय? त्याला वाकता येत नाय."

"मग तो धुळ्याकडचा, होस्टेलात राहतो तो?"

"चष्मा काढला की चेंडू सोडा, त्याला खांब दिसत नाही," खंडेराव म्हणाले. "गायधनींचा विसू घ्या."

यावर वाद झाला नाही. विसूला कॉलेजच्या मैदानावर सगळ्यांनीच पाहिलं होतं. चेंडू सुटायच्या आधी तो तिथं पोचलेला असायचा.

खंडेरावांनी कागद काढून नाव लिहिलं. "इसाकभाई, उद्या सकाळी गायधनींकडे तेवढं जाऊन या. दीक्षितांचा तुम्ही आणलात, पाटणकरांचा आणलात. भिक्षुकांच्या घरातली पोरं चामड्याच्या चेंडूला हात लावतील, असं कोणाला वाटलं होतं? तुमचा शब्द कोणी मोडत नाही."

हे इसाक दहा वर्षं ऐकत आला होता. दर वेळी तो मान खाली घालून हसायचा. आज त्याला तेवढाही जोर उरला नव्हता.

"मी कुठं गेलो होतो?" तो म्हणाला. "ती जायची."

"कोण?"

"नूरबानो."

लियाकतनं तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला.

"बांगड्या भरायला जायची ना घरोघर. मागच्या पडवीत बसायची. तुम्ही पोराच्या बापाला देवळात गाठता. तो हो म्हणतो, घरी गेला की त्याचं नाही होतं. ती आईला गाठायची. एकदा हात हातात घेतला की डझन चढेपर्यंत बाई उठून जाते कुठं?"

"आणि आम्ही तुला खांद्यावर घेऊन नाचलो," लियाकत म्हणाला.

"मी नको म्हणालो नाही. ती म्हणायची, होऊ द्या तुमचं नाव."

बहिरू मान हलवत राहिला. मग त्याला एकदम काही सुचलं. "दीक्षितांचा पोरगा खेळ झाला की नदीत बुडी मारूनच घरी जायचा. थंडीत बी. आमाला वाटायचं, रग हाय अंगात."

"त्याच्या आईची अट होती. चामड्याला शिवलं, तर आंघोळ करून घरात यायचं. नूरबानोनं ते बोलून ठरवलं होतं. मला त्या पोराकडून कळलं."

"मग सोपं हाय की. विसूला बी बुडी मारू द्या."

"तिथं चामड्याचं अडत नाही," इसाक म्हणाला. "विसू एकुलता एक आहे. सोल्जर बूट घालून खेळतात, आपली पोरं अनवाणी. गेल्या साली आपल्यातल्या एका पोराचं नडगीचं हाड मोडलं, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

लियाकतनं बाहेर जाऊन पिंक टाकली आणि येऊन बसला. "आई नसलेला कोणी आहे का रे कॉलेजात?"

कोणी हसलं नाही. त्यालाही हसू आलं नाही.

खंडेराव यादीकडे बघत होते. विसूचं नाव खोडावं असं त्यांच्या मनात आलं असावं, पण त्यांनी ते खोडलं नाही.

"पाटणकरांचा पोरगाही एकुलताच होता," ते म्हणाले. "त्याची आई तर त्याला नदीवरसुद्धा एकटा सोडत नव्हती. तिला वळवलंच ना वहिनींनी?"

"एका दुपारीत."

"झालं तर मग. आमच्या कुटुंबाला, कमळाबाईला, पाठवतो गायधनींकडे. हळदीकुंकवाला जाणं-येणं आहे त्यांचं." खंडेरावांनी कागद उलटा करून मांडीवर घेतला आणि पेन्सिल सरसावली. "पाटणकरीणबाईंशी वहिनी काय बोलल्या, तेवढं सांगा. ही तसंच्या तसं बोलेल."

इसाकनं तोंड उघडलं. तिघं त्याच्याकडे बघत होते. त्या दुपारी नूरबानो घरी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, येतोय तो रविवारी. त्यावर त्यानं टोपी चढवली होती आणि ही बातमी सांगायला तो बाहेर पडला होता.

"ते तिला विचारायचं राहिलं," तो म्हणाला.