वाटेवरची गाडी

मुरुमच्या कलीमनं शारजात गाडी घेतली. तिथं ती इतकी स्वस्त पडली, की इकडं त्याच्या अब्बांनी, जैनोद्दीनचाचांनी, गावभर पेढे वाटले आणि त्या पाच सीटच्या गाडीत अकरा नवरदेवांच्या वराती कबूल करून टाकल्या. मग कलीमचा फोन आला.

"अब्बा, गाडी तिकडं आणायची तर करच किमतीहून जास्त लागतोय. वर बोटीचं भाडं, बंदराचं भाडं. आणि एवढं भरूनही डाव्या बाजूचं स्टिअरिंग आपल्याकडं चालत न्हाय. विकून टाकली म्या. मी तेवढा येतो ईदला."

"येडा का काय तू? लोकांनी पेढे खाल्लेत! म्या सांगतो गावाला, कर वाचवायला तू गाडी चालवतच निघालायस म्हणून."

गावाला ते पटलं. तेव्हापासून पारावर रोज विचारणा होते आणि चाचा गाडी रोज थोडी पुढं सरकवतात. इराणात ती पंक्चर झाली, पुढं एका घाटात बर्फानं अडवली. तोवर दोन ईद होऊन गेल्या. गाडी गावात शिरल्याबिगर कलीमला शिरता येईना.

काल चाचा पाराकडं निघाले, तशी कलीमची अम्मी कुलसुमबी दारात आडवी उभी राहिली.

"आज ती गाडी दरीत ढकलून द्या," ती म्हणाली. "पण त्याआधी माझ्या लेकराला खाली उतरवा."