रिकामा रकाना

हॉस्पिटलच्या नोंदींसाठी डेटाबेस निवडताना मी हटूनच बसलो होतो. एकही रकाना रिकामा सोडू देणार नाही, असाच हवा. पेशंटच्या जिवाशी खेळ नको.

आज लोकांनी माझ्या बेशुद्ध लेकीला रस्त्यावरून उचलून इथेच आणलं. मी धावत पोचलो, तोवर एका इंजेक्शनने सगळं संपलं होतं.

"ते औषध तिला चालत नव्हतं हो!"

"स्क्रीनवर ॲलर्जीपुढे 'नाही' होतं," डॉक्टर मान खाली घालून म्हणाले.

मी नोंदणीच्या खिडकीशी गेलो. "'नाही' म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच नाही, साहेब," तिथल्या बाई म्हणाल्या. "रकाना रिकामा असला की तुमची सिस्टीम पुढेच सरकत नाही. बेशुद्ध पेशंट आला की आम्ही 'नाही' टाकतो, तेव्हा कुठे त्याला खाट मिळते."